कादंबरीचे तीन भाव

आमच्या घरात कोणतीही वस्तू पहिल्या दुकानात घेतली जात नाही. कुकरची शिट्टी असो, पडद्याचं कापड असो, नाहीतर मुलीच्या लग्नाचा बस्ता असो. आधी तीन ठिकाणचा भाव बघायचा, मग बसून विचार करायचा आणि मग घ्यायचं. माझे यजमान एका साखर कारखान्याच्या खरेदी विभागात तीस वर्षं कारकून होते. तिथे तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा नटबोल्टसुद्धा घेत नसत. ते निवृत्त झाले, कारखान्यानं शाल-नारळ देऊन त्यांना शिरूरच्या घरी पाठवलं, आणि नियमही त्यांच्याबरोबर घरी आला. तसा तो आधीपासूनच घरात होता, पण आता त्याला दिवसभर वेळ मिळायला लागला.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. हा माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवला नाही, दारूचा थेंब नाही, कोणाचा रुपया खाल्लेला नाही. आणि लग्न झाल्यापासून मला एकदाही ‘नाही’ म्हणालेले नाहीत. मी म्हटलं, शिवणाचा क्लास लावू का? तर म्हणाले, “लाव की. तीन ठिकाणी फी विचारून बघू.” विचारता विचारता मुलगी शाळेत जायला लागली. मी म्हटलं, बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय ते बाहेरून देते. तर म्हणाले, “दे की.” तीन विद्यापीठांची माहितीपत्रकं आणली. ती अजून कपाटात आहेत, खालच्या खणात, साड्यांच्या पेट्यांखाली.

‘नाही’ म्हणाले असते तर भांडता आलं असतं. रुसून निमोण्याला माहेरी जाऊन बसता आलं असतं. पण ‘बघू की’ म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहात बाई. मी मान डोलावते आणि आतल्या आत चडफडते.

दुसरी पद्धत पिशवीची. घराबाहेर पडायचं तर काहीतरी आणायलाच पडायचं. दारामागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी असते. मी चप्पल घातली की ते विचारणार, “काय आणायचंय?” आणि पिशवी काढून माझ्या हातात देणार. माझा मोबाईल, चष्मा, किल्ली, सगळं त्या पिशवीत. देवळात निघाले तरी येताना कोथिंबीर. मुलीच्या बाळंतपणाला दवाखान्यात निघाले तेव्हासुद्धा येताना गुडघ्याच्या तेलाची बाटली आणायची होती. रिकाम्या हातानं, नुसतीच बाहेर पडलेली मी मला आठवत नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळच्या मालिकेत एक नटी गेली नऊ वर्षं थोरली सून झालेली आहे. तिनं कादंबरी लिहिली, आयुष्यातली पहिली. टीव्हीवर तिची मुलाखत होती. मी मेथी निवडत ऐकत होते. ती म्हणाली, दोन शॉटच्या मधल्या वेळात, मेकअपच्या खोलीत, सुनेचीच साडी आणि सुनेचेच दागिने घालून मी हे लिहिलं. दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटायचं, बाई पाठांतर करतेय.

मेथीवरचा माझा हात थांबला. सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर बसून हिनं एक गोष्ट स्वतःपाशी ठेवली होती, आणि तीही दोन वर्षं. मला ते पुस्तक वाचायचं होतं. नुसतं वाचायचं नव्हतं, ते माझं स्वतःचं हवं होतं.

“मला हे पुस्तक घ्यायचंय,” मी म्हणाले.

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “घेऊ की. कुठंकुठं मिळतंय ते बघ.”

मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, “आई, मी मोबाईलवरून मागवतो, दोन मिनिटांचं काम आहे.” यजमानांनी फोन माझ्या हातातून घेतला. “वस्तू हातात धरून बघितल्याबिगर तो भाव न्हाई, नुसता फोटो हाय,” ते म्हणाले आणि विषय संपला. खरं सांगते, मलाही बरंच वाटलं. मुलानं मागवलं असतं तर ते मुलानं दिलेलं पुस्तक झालं असतं.

आमच्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्या आणि गाइडं मिळतात, कादंबऱ्या नाहीत. पण ही नटी धुण्याच्या पावडरीची जाहिरात करते, त्यामुळे तिची कादंबरी सरळ किराण्याच्या मार्टमध्ये आली. आमच्या बाहेरच्या रस्त्यावर एक मार्ट झालाय. तिथे दारातच तिचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा, हात जोडलेला. एका बाजूला तिच्या पावडरीची पोती, दुसऱ्या बाजूला तिच्या कादंबरीची चवड. छापील किंमत तीनशे नव्व्याण्णव. वर चिकटवलेली, तीनशे एकोणसाठ. पावडरीच्या मोठ्या पोत्याबरोबर घेतलं तर आणखी वीस रुपये कमी.

घरी येऊन मी सांगितलं.

“पानं किती?” त्यांनी विचारलं.

“बघितली नाहीत.”

“बांधणी? शिवलेली का चिकटवलेली?”

“अहो, पुस्तक आहे ते, बेअरिंग नाही.”

“म्हंजी काय? सगळीकडं एकाच मापाचा माल पायजे. न्हाईतर दुसरीकडचा भाव याच्याशी लावायचा कसा?” हे ते अगदी मनापासून बोलत होते. “आन् शेवटचा छापलेला आकडा वाचून येऊ नको. एकदा कारखान्यात रजिस्टरं आली, मधली आठ-आठ पानंच न्हाईत. एकेक पान उलटून बघ.”

म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुतळ्याच्या आडोशाला उभी राहिले आणि एकेक पान उलटायला लागले. पानं तपासायला गेलेली मी अडतीस पानं वाचून घरी आले.

“पानं बरोबर आहेत का?”

“अडतीसपर्यंत आहेत. पुढची राहिलीत. पाय दुखले.”

“मग उद्या जा,” ते म्हणाले. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. काम अर्धवट टाकू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी गेले, पण तिथल्या मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी मला हटकलं. “मॅडम, घ्यायचं असेल तर घ्या. लायब्ररी न्हाई ही.” चार लोक बघायला लागले. मी शरमेनं पुस्तक ठेवलं आणि एक साबण घेऊन बाहेर पडले. तोही साबण एकाच ठिकाणी भाव बघून घेतला म्हणून घरी ऐकून घ्यावं लागलं.

आता दुसरं आणि तिसरं ठिकाण. पूर्वी असतं तर आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो असतो. मी मागे, पिशवी मांडीवर. लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत शिरूरच्या बाहेर मी एकटी अशी गेलेच नव्हते. पण दिवाळीपासून त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली होती, एसटीच्या पायऱ्या चढू नका म्हणून बजावलं होतं. भाव तर तीन पाहिजेत. त्यामुळे जाणं मलाच आलं.

शिक्रापूरला गेले. तिथे सगळी कंपन्यांतल्या लोकांची गर्दी, पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. फोडून बघू का विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, “आंटी, पहले बिल, फिर खोलना.” भाव तीनशे एकोणपन्नास. पानं न तपासता आलेलं हे कोटेशन घरी अपूर्ण ठरलं. शेरा मारून ठेवलं, पण धरलं.

तिसरं ठिकाण दौंड. यजमानांचे कारखान्यातले एक जुने सहकारी निवृत्तीनंतर दौंडला घर बांधून राहिले आहेत. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. फोनवर तेवढा आवाज ओळखीचा. ते पलीकडून ‘वहिनींना नमस्कार सांगा’ म्हणतात. त्यांनीच सांगितलं, की इथं नवा मार्ट झालाय, स्वस्त आहे.

मी म्हटलं, “अहो, दहा-वीस रुपये वाचवायला दौंड? तिकिटालाच त्याहून जास्त जातील.”

“कोटेशन आणायचा खर्च खरेदीत धरत न्हाईत. त्याचं खातं येगळं,” ते म्हणाले. “आन् तुला तर हाफ तिकीट हाय. मात्र पुस्तकाचे पैसे संगं नेऊ नको. भाव बघायला जाताना पैसे असले की मोह व्हतो.”

मंगळवारी सकाळी मी दौंडच्या गाडीत बसले. खिडकीची जागा मिळाली. गाडी निमोण्यावरून जाणारी होती. माझ्या भावाचा ऊस दिसला, विहिरीवरचं उंबराचं झाड दिसलं. उतरावंसं वाटलं, पण तिथे काही आणायचं नव्हतं. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून बसून राहिले.

दौंडचा मार्ट प्रशस्त आणि सकाळच्या वेळी जवळजवळ ओस होता. पुस्तकांची चवड मागच्या कोपऱ्यात, बादल्या आणि फरशी पुसायच्या मोपच्या शेजारी. भाव तीनशे एकोणीस. मी पानं तपासायला लागले, एकोणचाळीसपासून.

किती वेळ गेला कोण जाणे. दारावर पिशव्या तपासणारी खाकी कपड्यातली बाई माझ्याकडे येताना दिसली. माझ्याच वयाची असेल. मी घाईघाईनं पुस्तक मिटलं.

“वाचताय व्हय?” तिनं विचारलं.

“पानं बघतेय. सगळी आहेत का ते.”

ती हसली. मग आत गेली आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आली. “बसून बघा. कॅमेऱ्याकडं पाठ करा म्हंजी झालं. मायी पोरगी बी अशीच. परीक्षेची पुस्तकं दुकानात उभ्या उभ्या वाचून काढली तिनं.” तेवढ्यात तिचा फोन वाजला. “जय भीम, बोल,” म्हणत ती दाराकडे गेली. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

कादंबरी म्हणाल तर फार थोर नव्हती. नायिका तेराव्या पानावर घर सोडते आणि विमानानं कुठल्याशा थंड गावी जाते. तिला ना कोणाचा डबा करायचा असतो, ना तिच्या साडीला कधी डाग पडतो. रडतेसुद्धा छान. मला काही ठिकाणी चक्क हसू येत होतं. पण एका पानावर मी अडले. ती परक्या गावात हॉटेलच्या खोलीत खिडकीपाशी बसलेली असते. काही करत नाही. आणि तिच्या लक्षात येतं, की या घटकेला आपण कुठे आहोत हे जगात एकाही माणसाला माहीत नाही. नटीनं त्यावर दोनच ओळी खर्च केल्या होत्या. मी त्या तीन वेळा वाचल्या. मी बावन्न वर्षांची, आणि असं एकदाही झालं नव्हतं.

बाहेर पडले तर गाडीला दीड तास होता. स्टेशनच्या रस्त्यावर एक भज्यांची गाडी आहे. मी एक प्लेट घेतली आणि लिंबाखालच्या बाकावर बसून एकटीनं खाल्ली. समोरून स्टेशनातल्या सूचना ऐकू येत होत्या, कुठली गाडी किती उशिरानं येतेय. त्यातल्या एकाही गाडीशी माझा संबंध नव्हता. कोणी विचारलं नाही, कुठे चाललात, काय आणलंत. भजी गरम होती. तेल कालचं असावं, पण त्या क्षणी मला त्या भज्यांहून चांगलं काही माहीत नव्हतं.

घरी आले तेव्हा ते डायरी उघडून बसलेले.

“दौंडला काय भाव?”

‘तीनशे एकोणीस’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं की तीन भाव पुरे, सगळ्यात कमी दौंडचा, एकदा जाऊन आणायचं आणि संपलं. संपलं, हाच शब्द माझ्या डोक्यात आला. आणि माझ्या तोंडून निघालं, “स्टॉक संपलाय तिथला. पुढच्या मंगळवारी येणार म्हणाले.”

मी कोणाशी खोटं बोलत होते ते इथे सांगायला हवं. कारखान्यात माल पुरवणारे लोक असायचे. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात, तर ते एकाच खिशातून तीन पाकिटं काढायचे. एक स्वतःचं आणि दोन मेहुण्या-पाहुण्यांच्या लेटरहेडवर, मुद्दाम जास्त भावाची. साहेब लोकांना सगळं ठाऊक असायचं, तरी सह्या व्हायच्या. यजमान मात्र ती पाकिटं परत करायचे. म्हणून त्यांना बढती मिळाली नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. “खोटं कोटेशन मला वासावरनं कळतं,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! त्या माणसासमोर मी हात-पाय धुऊन, पदराला पुसत, न अडखळता खोटं बोलले.

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. “बरं. मंगळवारी जा,” म्हणाले आणि डायरी मिटली.

असे एकूण पाच मंगळवार मी दौंडला गेले. दुसऱ्या मंगळवारी सांगितलं, माल आलाय, पण स्टिकर लागलेले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी सांगितलं, स्कीम लागणार आहे. चौथ्याला म्हटलं, पहिली आवृत्ती संपून दुसरी आलीय. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “दुसरी आवृत्ती? मग पानं पयल्यापासनं तपासावी लागतील.” मला वाटलं, काय भोळा माणूस आहे! मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली, आणि लाजही वाटली.

मधले सहा दिवस कसे काढायचे ते माझं मलाच माहीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण. सकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल, पेपर, चहा, भाजीचा भाव, पुन्हा चहा. ते दिवसभर घरात असतात. मी स्वयंपाकघरातून अंगणात गेले तरी आतून हाक येते, “अगं, कुठायस?” “इथेच,” मी म्हणते. दिवसाला वीस वेळा तरी ‘इथेच’ म्हणत असेन. पूर्वी त्याचं काही वाटत नव्हतं. आता दर वेळी वाटायचं की कोणीतरी मानगूट धरून मला जागेवर बसवलंय. आणि धरणारा हात मायेचा असल्यामुळे झटकताही येत नाही.

मंगळवार आला की मी सोमवारीच भाजी चिरून ठेवायची. पिशवी ते द्यायचेच. गाडी निमोणं ओलांडून पुढे गेली की माझे खांदे आपोआप खाली यायचे. मार्टमधली बाई मला बघून स्टूल आणून ठेवायची. एक पांढऱ्या टोपीतले आबाही दर मंगळवारी दिसायचे, बादल्यांपाशी, एकेक मोप हातात घेऊन त्याची किंमत वाचत. कधी घ्यायचे नाहीत. मला गंमत वाटायची, की हेही आपल्यातलेच, यांनाही घरून भाव बघायला पाठवलंय. एकदा मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा. ते एकदम वळले आणि झाडूंकडे गेले. मग पुन्हा भजी, पुन्हा लिंबाखालचा बाक. तो एक तास माझा होता. मी कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे दौंडला आहे एवढं माहीत होतं, पण बाकावर आहे, भजी खातेय, काही करत नाहीये, हे कोणाला माहीत नव्हतं.

पाचव्या मंगळवारी शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, अकरा पानं. वेळ होता, वाचून झालं असतं. पण मी मुद्दाम मिटलं. अकरा पानं शिल्लक म्हणजे आणखी एक मंगळवार शिल्लक.

घरी आले. टेबलावर ते पुस्तक होतं.

“घे, तुझं पुस्तक,” ते म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान, की पोरगी पहिली आल्यावरही इतकं बघितलं नव्हतं. “आज सकाळच्या गाडीनं कारखान्यातल्या आपल्या दोस्तानं दौंडवरनं कंडक्टरकडं दिलं व्हतं. मी डेपोतनं घिऊन आलो. तीनशे एकोणीस.”

“तुम्ही डेपोत गेलात? चालत?”

“हळूहळू गेलो. भाव तर पयल्या मंगळवारीच कळला व्हता मला. म्हटलं, वाचतीय निवांत तर वाचू दे. आता संपत आलं आसंल, म्हणून मागवलं.” मग चष्मा काढून पुसता पुसता म्हणाले, “मला खोटं कोटेशन कळत न्हाई व्हय गं?”

मला हसू आलं. खरंच आलं. वाटलं, पकडले गेले तरी बरंच झालं, माणूस कळून गप्प बसला, आपण समजतो तसा नाही. मी पुस्तक उचललं, छातीशी धरलं. तेवढ्यात ते म्हणाले,

“फकस्त ती ठेसनाजवळची भजी खात जाऊ नको. तेल बरं नसतं त्याचं.”

मी भज्यांबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यानंच. एवढ्या लांब एकटी जातीस, काळजी वाटती. म्हणून त्याला म्हटलं, लांबनं जरा बघून येत जा. तो फोन करायचा मग. वहिनी पोचल्या, स्टुलावर बसल्यात, आता बाहेर पडल्या, आता गाडीत बसल्या.”

पांढरी टोपी. हातात घेतलेले मोप. पाचही मंगळवार.

मला आधी लाज वाटली, मग संताप आला. जे एकच मी चोरून मिळवलं होतं, तेही त्यांनी पहिल्या दिवशीच मंजूर करून ठेवलं होतं. माझं खोटंसुद्धा त्यांच्या परवानगीनं चाललं होतं. बाकावर बसलेल्या माझ्या त्या तासाचा दर आठवड्याला फोनवरून हिशेब पोचत होता. आणि भांडू कशावरून? काळजी केली म्हणून? दुखऱ्या गुडघ्यांनी डेपोपर्यंत चालत गेले म्हणून?

“छान आहे,” मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. गॅस पेटवताना बाहेरून हाक आली, “अगं, कुठायस?”

“इथेच,” मी म्हणाले.

पुस्तक टीव्हीवरच्या फळीवर ठेवलं. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं, आत पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं, सुवाच्य. शेवटची अकरा पानं मी वाचली नाहीत. दिवसभर हाताशी असायचं, पण उघडावंसंच वाटेना.

पुढच्या मंगळवारी कामं आवरली, साडी बदलली, चप्पल घातली. ते पेपरातून वर बघत म्हणाले, “आता काय आणायचंय?”

“काही नाही.”

“मग?”

“मग काही नाही. जाऊन येते.”

ते उठले. गुडघा धरून उठले, मला दिसलं. खिळ्यावरची पिशवी काढली, आत मोबाईल आहे का ते चाचपून बघितलं आणि पुढे केली. “पिशवी तरी घिऊन जा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर नुसती काळजी होती, दुसरं काही नव्हतं. माझा हात सवयीनं वर झाला. तो मी खाली घेतला, थोडे पैसे कमरेला खोचले होते ते चाचपले, आणि पायऱ्या उतरले. मागे वळून बघितलं नाही. ते पिशवी धरून दारात किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही.

स्टँडवर दौंडची गाडी लागलेली होती. तिच्या शेजारच्या गाडीवर पाबळची पाटी होती. पाबळला माझं कोणी नाही. तिथून आम्ही कधी काही आणलेलं नाही, तिथल्या कशाचाही भाव मला ठाऊक नाही. मी त्या गाडीत बसले.

“पाबळला कुणाकडं, मावशी?” तिकीट फाडताना कंडक्टरनं सहज विचारलं.

“कुणाकडं नाही,” मी म्हणाले. त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या बाकाकडे गेला.

पाबळमध्ये मी तीन तास होते. तिथेही स्टँडजवळ भजी मिळतात. दोन प्लेट खाल्ल्या. तेल खरंच वाईट होतं, रात्रीपर्यंत घसा धरला होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, कुठे गेली होतीस. ते घाबरून गेले होते, दौंडला तीन फोन झाले होते. मी म्हणाले, जाऊन आले. ते वाट बघत राहिले. मी कुकर लावला.

कुठे गेले होते, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.